आठ हजार तीनशे पौंड

...आणि वर मलाच विचारतात, "काय रे क्लेटन, ट्रेलरवर गाडी चढवताना अक्कल कुठं ठेवली होतीस?" अहो, अक्कल ठेवायला जागा होती कुठं? सगळी जागा सल्ल्यांनी भरलेली! तुम्हाला सांगतो, आमच्या ह्या नेब्रास्कात तुम्ही रस्त्याच्या कडेला एकटे रडत बसलात तर कुत्रं विचारणार नाही, पण गाडीच्या मागे एक ट्रेलर लावा, ट्रेलरवर एक जुनी गाडी चढवा आणि पेट्रोल पंपावर नुसते उभे राहा... दोन मिनिटांत सहा माणसं जमा. कुठून येतात? मक्यातून उगवतात? खिशात हात, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची टोपी, आणि ट्रेलरभोवती प्रदक्षिणा सुरू. एक जण चाकाला लाथ मारून बघणार, दुसरा वाकून खाली बघणार, खाली त्याला काय दिसतं देव जाणे, आणि शेवटी प्रत्येक जण गाडी बांधलेल्या पट्ट्यावर दोनदा थाप मारणार... थप थप... आणि म्हणणार, "हं. हे आता कुठं जात नाही."

हे वाक्य साधंसुधं नाही, बरं का. पट्टा कितीही आवळा, कडी कितीही तपासा, पट्ट्यावर थाप मारून हे वाक्य म्हटल्याशिवाय सामान बांधलं गेलं असं आमच्याकडे कोणी धरतच नाही. बाप म्हणतो, आजोबा म्हणायचे, आमचे पाद्री चर्चचा पियानो हलवताना म्हणाले. पियानो पुढच्या वळणावर गेला तो भाग वेगळा.

आता मी मूळचा ओमाहाचा, म्हणजे ह्याच नेब्रास्कातला, पण शहरातला माणूस. विम्याच्या कचेरीत बसतो. लोकांनी आपापल्या गाड्या कशा ठोकल्या ते दिवसभर वाचतो आणि 'चूक तुमचीच आहे' असं सभ्य भाषेत कळवतो. अशा माणसानं जपून राहावं की नाही? पण सहा वर्षांपूर्वी मी ही भली मोठी एसयूव्ही घेतली. का घेतली? रॉन्डा, म्हणजे माझी बायको, अजून विचारते. तीन रांगा, आठ माणसांची जागा, आणि घरात माणसं दोन. पण तो विकणारा... काय आवाज लावला होता त्यानं... बॉनेटवर हात ठेवून हळूच म्हणाला, "सर, आठ हजार तीनशे पौंड ओढते." बस्स. मी तिथंच सही केली. आठ हजार तीनशे पौंड! मला ओढायचं काय होतं? काही नाही. सहा वर्षांत त्या गाडीनं एक नाताळचं झाड आणलं, तेही टपावरून. पण आकडा मात्र मी सगळ्यांना सांगितला. न्हाव्याला सांगितला. दाताच्या डॉक्टरला सांगितला, तोंडात त्याची दोन बोटं असताना.

आणि सगळ्यात जास्त वेळा कुणाला सांगितला असेल? सासऱ्यांना.

सासरे म्हणजे एमिल होलूब. वय चौऱ्याऐंशी, मक्याची शेती, मनगट अजून माझ्या पोटरीएवढं. माणूस बोलतो कमी. होलूबांच्या घराण्यात कुठलीही गोष्ट एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगावी लागली तर सांगणाऱ्याचा अपमान. आमच्या लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर, मी शेजारी उभा असताना, त्यांनी लेकीला एकदाच सांगितलं, "हा टिकायचा नाही." ह्याला झाली बावीस वर्षं. बावीस वर्षं वाट बघतायत. मला नावानं हाक म्हणाल तर एकदाही नाही. मी म्हणजे 'ओमाहा'. "ओमाहाला बटाटे वाढ." "ओमाहा आला वाटतं, दारातली मांजरं पळाली." आणि मी त्यांना काय म्हणू? पपा म्हणायची छाती नाही, एमिल म्हणायची सवय लागली नाही, होलूबसाहेब म्हटलं तर रॉन्डा फिसकन हसते. म्हणून मी बावीस वर्षं त्यांना 'अं' म्हणतोय. "अं... मीठ देता का जरा?"

तर ह्या सासऱ्यांची एक गाडी आहे. त्रेसष्ट सालची, छोटी, फिकट निळी. वर्षभर कोठारात ताडपत्रीखाली, कुणी हात लावायचा नाही, आणि ऑगस्टमध्ये एकदाच बाहेर निघायची, हानोव्ह गावच्या जत्रेच्या मिरवणुकीला. एमिल चालवणार, शेजारी सासूबाई, व्लास्ता त्यांचं नाव, मांडीवर गोड गोळ्यांची पिशवी घेऊन. मिरवणुकीत गोळ्या उधळायच्या असतात ना... तर सासूबाई दोन्ही बाजूंच्या पोरांवर मुठी भरभरून उधळायच्या, आणि नेमक्या माझ्या कपाळावर एक तरी बसायचीच. पन्नासच्या वर वर्षं हे चाललं. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. एमिलनी गाडी काढायची सोडली नाही. सासूबाईंची उंची कमी, त्या खाली उशी घेऊन बसायच्या, ती उशी त्यांच्या जागेवर तशीच. उशीवर गोळ्यांची पिशवी. गोळ्या फेकणारं कुणी नाही. मिरवणूक संपली की पिशवी न फोडता घरी. पोरं हात पसरून उभी राहायची आणि म्हातारा सरळ पुढे बघत जायचा.

आणि ह्या एप्रिलमध्ये एमिलनी टपालपेटी पाडली. स्वतःचीच. तिसऱ्यांदा. मान वळत नाही हो त्यांची! पुढचं सगळं लख्ख दिसतं, अर्ध्या मैलावरचा ससा दिसतो, पण मागचं घर दिसत नाही. रॉन्डानं किल्ल्या काढून घेतल्या. मोठा तमाशा झाला, म्हणजे होलूबांच्या मानानं मोठा... एमिल जेवणावरून उठून गेले आणि दार नेहमीपेक्षा हळू लावलं.

मग जुलैत प्रश्न आला मिरवणुकीचा. रॉन्डानं तोडगा काढला. गाडी मिरवणुकीत ती चालवणार, चालण्याच्या वेगानं, आणि पपा शेजारी बसणार. एमिल ताटाकडे बघत होते. हो नाही, नाही नाही. पण गाडी शेतावरून हानोव्हला न्यायची कशी? बावीस मैल! रॉन्डाला तर पहाटेच चर्चच्या मांडवात कोलाचे, म्हणजे आत गोड सारण भरलेले छोटे पाव, घेऊन जायचं होतं, जर्दाळूचे दोनशे आणि खसखशीचे दोनशे, ते काही स्वतः चालत जाणार नाहीत. मी चालवू म्हटलं तर एमिल म्हणाले, "ह्याला गिअर टाकता येत नाही." आणि तिथं... तुम्हाला सांगतो, तिथं माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी खुर्ची मागे सरकवली, छाती पुढे काढली आणि म्हणालो, "अं... ट्रेलरवर घालून नेतो की! आपली गाडी आठ हजार तीनशे पौंड ओढते!"

एमिलनी पहिल्यांदा वर बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "बघू."

निघायच्या आदल्या दिवशी रॉन्डानं निळ्या गाडीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली. "किल्ली तुझ्याकडे. पपांचा हात स्टिअरिंगला लागता कामा नये. लागला, तर तू आणि तुझे आठ हजार तीनशे पौंड, दोघं ओमाहाला. कायमचे." आता हे ती हसत म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ती हसली नाही.

जत्रेच्या सकाळी शेजाऱ्याचा ट्रेलर आणला, लावला, दोन्ही फळ्या टाकल्या, आणि मी निळ्या गाडीत बसलो. गिअर सापडला. तिसऱ्या झटक्याला सापडला, पण सापडला. गाडीचा आवाज मागून येत होता. मला वाटलं, सायलेन्सर गेला असेल, आता सणाच्या दिवशी म्हाताऱ्याला कशाला दुखवा? एमिल हातात थर्मास घेऊन बाजूला उभे. म्हणाले, "उलटी चढव."

उलटी! मी मनात म्हटलं, संपलं, वयानं गाठलं बिचाऱ्याला. अहो, शेंबड्या पोरालाही माहीत आहे, ट्रेलरवर गाडी तोंड पुढे करून चढवतात. जड बाजू पुढे हवी, इंजिन पुढे हवं, मी तीन रात्री त्याचे व्हिडिओ बघितले होते. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगू का? मला रिव्हर्स येत नाही. साधा येत नाही. आमच्या घरी गाडी आत रॉन्डा लावते. मी बाहेर उभा राहून "ये, ये, ये" म्हणतो. तर मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि गाडी सरळ तोंड पुढे करून चढवली. चार पट्टे आवळले. घाम आला. आणि मग मी पट्ट्यावर थाप मारली. थप थप. आयुष्यातली पहिली. आणि आवाज जरा जाड करून म्हणालो, "हे आता कुठं जात नाही."

काय वाटलं सांगू! बावीस वर्षांनी नेब्रास्कात घेतल्यासारखं वाटलं. मी एमिलकडे बघितलं, की आता हेही मारतील थाप. एमिलनी थाप मारली नाही. थर्मासचं झाकण लावलं आणि एसयूव्हीत जाऊन बसले.

निघालो. पस्तीसच्या वेगानं सगळं झकास. चाळीसला झकास. मी एक हात खिडकीवर टाकला. सासरे सूर्यफुलाच्या बिया चावतायत, टरफलं कपात टाकतायत. मी म्हटलं, "अं... कळतसुद्धा नाही ना, मागे काही आहे असं?" आणि पन्नासला काटा गेला मात्र... मागे काही आहे हे कळायला लागलं! आधी नुसती शेपूट हलल्यासारखी. मग डावीकडे, मग उजवीकडे, मग ट्रेलर एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, आरशात बघतो तर निळी गाडी डाव्या आरशात, पुन्हा बघतो तर उजव्या! आठ हजार तीनशे पौंड ओढणारी गाडी, आणि तिलाच कुणीतरी शेपटीला धरून झाडतंय! माझा पाय ब्रेककडे निघाला. एमिल तेवढंच बोलले.

"ब्रेक नको. गॅस सोड."

आणि हात लांबवून डॅशबोर्डखालची एक छोटी डबी अंगठ्यानं दाबली. ट्रेलरच्या ब्रेकची डबी. सहा वर्षांपूर्वी विकणाऱ्यानं हौसेनं बसवून दिली होती, मी तिथं गॉगल अडकवायचो. हळूहळू दाबली. ट्रेलर मागून आवळल्यासारखा झाला, सरळ आला, शांत झाला. माझे हात स्टिअरिंगला चिकटलेले. एमिलनी बियांचं टरफल कपात टाकलं. पुढे पंप दिसत होता. "तिथं घे," म्हणाले.

आणि पंपावर... ते सहा जण! सांगितलं ना तुम्हाला? दार उघडून माझा पाय जमिनीला लागायच्या आत. मी पांढराफटक, आणि हिरवी टोपी विचारते, "हलतोय का?" मी म्हटलं, हलतोय. झालं! हिरवी टोपी म्हणे चाकात हवा कमी. लाल टोपी म्हणे छे छे, हवा जास्त. तिसरा एक नाकात बोलणारा, "माझ्या मेव्हण्याचा असाच हलत होता, मेव्हणा आता टेक्सासला असतो," आता ह्याचा काय संबंध? चौथा म्हणे पट्टे ढिले आहेत. लगेच पाचव्यानं जाऊन पट्ट्यावर थाप मारली, थप थप, "छे, हे कुठं जात नाही." मग सहाव्यानं मारली. मग बाकीच्यांनाही राहवेना. सहा जणांनी चार पट्ट्यांवर थापा मारल्या, सहा वेळा ते वाक्य म्हटलं, आणि एकानंही विचारलं नाही की बाबा, ह्या गाडीला इंजिन आहे तरी कुठं?

मग हिरवी टोपी म्हणाली, इंजिनचं वजन बरोबर पुढे आलंय का बघू. आणि तिनं बॉनेट उघडलं.

आत इंजिन नाही.

आत एक सुटा टायर, एक घडी घातलेली चादर आणि एक पिकनिकची टोपली. आम्ही सात जण आत बघतोय. नाकात बोलणारा हळूच म्हणाला, "चोरलं वाटतं."

मागून एमिलचा आवाज आला. "इंजिन मागे आहे."

मागे! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी ह्या घरचा जावई, आणि सासऱ्यांच्या गाडीचं इंजिन मागे असतं हे मला पेट्रोल पंपावर, सहा अनोळखी टोप्यांच्या देखत कळलं. म्हणजे मी जड बाजू पुढे ठेवायची म्हणून तोंड पुढे केलं, आणि सगळं वजन नेऊन ठेवलं ट्रेलरच्या शेपटीत. मी सासऱ्यांना म्हटलं, "अं... हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं," एमिल म्हणाले. "उलटी चढव म्हणालो."

आता उपाय एकच. गाडी खाली घ्यायची, वळवायची आणि उलटी चढवायची. खाली घ्यायला काय, उताराला सगळेच शूर. सहा जणांनी धरली, मी आत बसून ब्रेकवर पाय आणि डोळे मिटलेले, गाडी घरंगळत खाली. पण उलटी चढवायची कुणी? दोन अरुंद फळ्या, चढ, आणि सगळं मागे बघून! मला रिव्हर्स येत नाही. एमिलची मान वळत नाही. मी टोप्यांकडे वळलो. म्हटलं, तुम्हाला एवढं सगळं कळतं, तुमच्यापैकी कुणीतरी चढवा. आणि तुम्हाला सांगतो, तिथं जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. हिरव्या टोपीला आठवलं की गाडीत बायको बसली आहे. लाल टोपीला तिसरा गिअर कुठं असतो माहीत होतं पण रिव्हर्सचा अंदाज नव्हता. नाकात बोलणारा म्हणे माझ्याकडे दोरानं ओढून चढवायचं यंत्र आहे, झकास आहे... घरी आहे. एक जण म्हणाला ढकलून चढवू, तर दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याचं ऑपरेशन. पाच मिनिटांत पंपावर आम्ही दोघंच. आणि घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. मिरवणूक दहाला.

मी रॉन्डाला फोन लावायला लागलो. एमिल म्हणाले, "थांब." ते निळ्या गाडीपाशी उभे होते, शेजारच्या सीटच्या खिडकीतून आत बघत. आत ती उशी. उशीवर पिशवी.

"ती जागा माझी नाही," म्हणाले.

मला कळेना. मग कळलं. म्हाताऱ्याला महिनाभर जे सलत होतं ते टपालपेटीचं नव्हतं आणि किल्ल्यांचंही नव्हतं. त्याला बायकोच्या जागेवर बसून सगळ्या गावासमोरून जावं लागणार होतं, आणि ते त्याच्यानं होणार नव्हतं. आणि हे त्यानं जेवणाच्या टेबलावर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण होलूब सांगत नाहीत.

एमिल म्हणाले, "ती बसायची, मी चालवायचो. पुढचं मला दिसतं, ओमाहा. बारा मैल सगळं पुढचंच आहे."

खिशात माझ्या हाताला किल्ली लागली. कानात रॉन्डाचा कालचा शब्द... कायमचे! मी विम्याचा माणूस आहे. अशा वेळी काय करायचं ते मला छापील माहीत आहे. चौऱ्याऐंशी वर्षं, मान वळत नाही, टपालपेट्या तीन... अर्ज नामंजूर. मी किल्ली काढली आणि दिली. का दिली? वाईट वाटलं हो. दुसरं काही कारण नाही. मला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं.

मग निघाली आमची वरात. पुढे एमिल, पंचवीसच्या वेगानं, पाठ ताठ. मागे मी, धोक्याचे चारही दिवे लावून, रिकामा ट्रेलर घेऊन. रिकाम्या ट्रेलरचा आवाज ऐकलाय कधी? भांड्यांचं कपाट जिन्यावरून पडतंय, आणि जिना बारा मैलांचा! चारी पट्टे लोंबतायत. आठ हजार तीनशे पौंड ओढणारी गाडी, आणि ओढतेय काय, तर हवा. ओलांडायला जागा नाही, दोन्हीकडे मका. माझ्या मागे एक ट्रॅक्टर लागला, त्याच्या मागे बँडच्या पोरांची बस, मग घोड्यांचा एक ट्रक, मग हानोव्हची अग्निशामक गाडी, आणि त्या रांगेत ती हिरवी टोपीही, आपल्या गाडीत, बायकोसकट. सगळेच मिरवणुकीला निघालेले. शेताशेताच्या फाटकाशी लोकांना वाटलं, ह्या वर्षी मिरवणूक इथूनच आहे वाटतं! खुर्च्या टाकल्या हो त्यांनी! पोरं गोळ्यांसाठी हात पसरून उभी. एमिल स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतायत, पोरं त्यांच्याकडे बघतायत, मग माझ्याकडे, मग ट्रेलरकडे. एक आजी ओरडली, "अरे, तुझी गाडी पडली वाटतं मागे!"

तेवढ्यात फोन. रॉन्डा. "कुठं आहात? पपा शेजारी आहेत ना?"

मी म्हटलं, "पपा... पुढे आहेत."

"पुढच्या सीटवर?"

"हो. पुढच्या सीटवरच आहेत." आता ह्यात खोटं काय होतं सांगा.

दहाला पाच कमी असताना हानोव्हमध्ये शिरलो. मला बाजूला निघायचं होतं, शपथ! पण पोलिसानं एमिलना हात दाखवून रांगेत घेतलं, आणि ते आत गेले की मागचा रस्ता अडवला गेला, आणि मी ट्रेलर घेऊन अडवलेल्याच्या आतल्या बाजूला. मधले सगळे आपापल्या जागी गेलेले, माझ्या मागे थेट अग्निशामक गाडी. पोलीस म्हणतो, मागे घ्या. मी म्हटलं, साहेब, मागे घेता आलं असतं तर आज मी इथं असतो का? त्यानं माझ्याकडे बघितलं, ट्रेलरकडे बघितलं आणि मला मिरवणुकीत सोडलं.

आणि समोर रॉन्डा. कोपऱ्यावर, एप्रनला साखर लागलेली. तिनं निळी गाडी बघितली. गाडीत कोण आहे ते बघितलं. मग टपावरून माझ्याकडे बघितलं, आणि ती नजर मला काचेतूनही व्यवस्थित पोचली. रस्त्याच्या मधोमध येऊन तिनं हात वर केला. सगळी मिरवणूक थांबली, बँड मध्येच बंद. ती शेजारचं दार उघडून वाकली. मला वाटलं, आता बापाला ओढून बाहेर काढते. एमिलनी उशीवरची पिशवी उचलली आणि हातात धरून ठेवली. काहीतरी बोलले. नंतर मला कळलं, एवढंच बोलले होते, "उशी झटकून घे, धूळ असेल."

रॉन्डा तशीच उभी. मग तिनं उशी काढली, दोन्ही हातांनी झटकली, परत ठेवली, आणि आत बसली. दार लागलं. गाडी हलली. आणि दहा पावलांवर खिडकीतून एक हात बाहेर आला आणि मूठभर गोळ्या उधळल्या गेल्या. चार वर्षांनी. पोरं अशी तुटून पडली की विचारू नका. मी रडलो. आठ माणसांच्या गाडीत एकटा बसून रडलो, त्यात लाजायचं काय?

पण माझी फजिती संपली नव्हती. लाउडस्पीकरवर बँकेतल्या बाई एकेक नाव वाचत होत्या. "तेरा नंबर, एमिल होलूब, आणि सोबत आज... आज त्यांची मुलगी." टाळ्या. मग कागद उलटल्याचा आवाज. पुन्हा उलटल्याचा आवाज. "आणि त्यांच्या मागे... एक ट्रेलर आहे. रिकामा." टाळ्या! अहो, लोकांनी टाळ्या वाजवल्या! नमस्कार करायला मी काच खाली घेतली, तर एक म्हातारा चालत आला, लोंबणारा पट्टा त्यानं ट्रेलरला गुंडाळून बांधला आणि वर थाप मारली. "हे आता कुठं जात नाही." नाही जात, बाबा. आधीच गेलं जे जायचं ते.

मिरवणूक संपते चर्चच्या मांडवापाशी. मी उतरलो तर रॉन्डा समोर. "किल्ली मी कुणाकडे दिली होती?" म्हटलं, माझ्याकडे. "आणि सांगितलं काय होतं?" मी तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, "अं..." तिचे डोळे लाल होते, रागानं की कशानं ते मला कळेना, आणि ओमाहाचा रस्ता मला स्पष्ट दिसायला लागला.

तेवढ्यात एमिल आले. हातात खसखशीचा कोलाचे, अर्धा तोंडात. माझ्याकडे बघितलं. शांतपणे घास संपवला. कोलाचे डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं माझ्या खांद्यावर थाप मारली. थप थप. जोरात, पट्ट्यावर मारतात तशी. अजून दुखतोय खांदा. आणि लेकीकडे वळून म्हणाले,

"हा क्लेटन आता कुठं जात नाही."

क्लेटन! बावीस वर्षांनी! आणि मी पुढे बघितलं, तर चर्चचा मांडव. मागे बघितलं, तर ट्रेलर, आणि ट्रेलरला खेटून अग्निशामक गाडी, तिचा ड्रायव्हर जेवायला गेलेला. तुम्हाला सांगतो, रिव्हर्स न येणारा माणूस ट्रेलर लावून उभा असेल, तर तो जाणार तरी कुठं?